वळू नकोस, मनू

चि. मनूस,


काल रात्री ताईचा फोन आला. तुझ्या विमानाचा विषय निघाला की तुझी आई एरवी गप्प होते, पण काल ती भरभरून बोलत होती. उडाल्याबरोबर इंजिन खडखडायला लागलं, पोरीने डोकं शांत ठेवलं, गर्रकन विमान वळवलं आणि त्याच धावपट्टीवर परत आणून टेकवलं. कुठे ओरखडासुद्धा नाही. घरच्या ग्रुपवर तुझं झालेलं कौतुकही मी वाचलं. मी तिथे काहीच लिहिलं नाही. कारण बोलता बोलता ताई एक वाक्य बोलून गेली, ‘वळताना झाडं अगदी पंखाखाली आली होती म्हणे.’ त्या वाक्याने माझी झोप उडाली.

तू किती उंचीवर वळलीस, मनू? जमिनीपासून किती फूट? हे मला कुणीच सांगितलं नाही, आणि मला तेवढंच हवं आहे.

तू सुखरूप आहेस, यापुढे बाकी सगळं गौण आहे. तरीही मी रागावणार आहे. इतकी वर्षं मुलांना उडायला शिकवलं, आणि माझ्याच भाचीला उडाल्याबरोबर मागे वळण्याबद्दल मी कधी बसवून सांगितलं नाही, हे मला लागलं आहे.

धावपट्टी पाठीमागेच आहे, अर्धं वर्तुळ घेतलं की झालं, असं इंजिन गेलेल्या क्षणी वाटतं. पण अर्ध्या वर्तुळाने तू धावपट्टीवर येत नाहीस, तिच्या बाजूला येतेस. म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास वळायचं आणि मग उलट दिशेला वळून सरळ व्हायचं, तेही इंजिनाची ताकद नसताना, एकेक फूट गमावत. ४५ अंशांच्या कलात विमान ज्या वेगाला पडतं तो वेग जवळजवळ एक पंचमांशाने वाढतो. ६० अंशांत सुमारे ४० टक्क्यांनी. तुझ्या सेस्ना १७२ चा तरंगण्याचा उत्तम वेग ६५ नॉट. सरळ जाताना हातात भरपूर फरक असतो, वळणात तो आटतो. त्यातच पाठीमागून वारा आला की जमीन भराभर मागे पळताना दिसते, वेग पुरेसा आहे असं वाटतं आणि नकळत हात नाक वर ओढतो. मग एक पंख आधी पडतो. तेवढ्या उंचीवर त्यातून कुणी बाहेर येत नाही, माझ्यासारखा जुना माणूससुद्धा नाही.

शिवाय तू वाऱ्यात तोंड करून उडाली होतीस. १० नॉटचा वारा धर. ५५ नॉटने समोर टेकलीस तर जमिनीवर वेग ४५. वळून त्याच वेगाने टेकलीस तर ६५. आपटण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दुपटीहून जास्त. समोरच्या झुडपांत ४५ ने शिरणारा माणूस बहुतेक वेळा चालत बाहेर येतो.

आता इंजिनाचं. ताईच्या सांगण्यात कार्ब हीटचं, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या नॉबचं, नाव नव्हतं. तुझ्याकडे सकाळ ओली होती, थंडी बेताची होती आणि रांगेत बराच वेळ इंजिन मंद ठेवून थांबावं लागलं होतं, एवढं मला तिच्याकडून कळलं. कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात बर्फ धरायला याहून चांगली सकाळ नाही. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा वीस अंशांहूनही जास्त गार होते, म्हणून बाहेर दव असलं तरी आत बर्फ साचतो. आणि तो वितळला की पुरावा उरत नाही. मेकॅनिक सगळं उघडून बघेल आणि इंजिन ठणठणीत आहे म्हणेल. त्यावर निर्धास्त होऊ नकोस.

कार्ब हीटचा नॉब पूर्ण ओढलास की आधी इंजिन जास्तच खडखडतं, कारण वितळलेल्या बर्फाचं पाणी सिलिंडरमध्ये जातं. नवखा माणूस घाबरून नॉब परत आत ढकलतो. ढकलायचा नाही. दात आवळून थांबायचं. आणि लवकर ओढायचा, कारण ती गरम हवा एक्झॉस्टच्याच उष्णतेवर मिळते; इंजिन गेल्यावर तीही जाते. रांगेत थांबावं लागलं तर उडण्याआधी पुन्हा एकदा ओढून बघ. इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा उतरून मग आधीपेक्षा वर चढला, तर बर्फ होता असं समज.

आणि इंजिन खडखडत असलं तरी ताकद देत होतं ना? मग सरळ राहायचं, वेग सांभाळायचा, मिळेल तेवढी उंची घ्यायची आणि नंतर हलक्या हाताने वळायचं. गर्रकन कशासाठी? किती उंचीवर होतीस तू?

थांबण्याची एक जुनी गोष्ट सांगतो. आगा खान यांनी इंग्लंड-भारत एकट्याने उडण्याचं बक्षीस लावलं होतं. १९३० साली जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. अलेक्झांड्रियाजवळ अबूकीरला टाटा उतरले, तर अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून बसलेला. टाटांनी स्वतःजवळचा जादा प्लग त्याला दिला, अस्पी जिंकला आणि पुढे हवाई दलाचा प्रमुख झाला. सगळे टाटांच्या दिलदारपणाची गोष्ट सांगतात. मला त्यात तो विशीही न गाठलेला मुलगा दिसतो, जो स्पर्धा चालू असताना जमिनीवर थांबला. तुलाही रांगेतून बाहेर पडून परत जाता आलं असतं. मागचे लोक खोळंबले असते, एवढंच.

जे मी ताईलाही कधी सांगितलं नाही, ते आता लिहितो. शिकत होतो तेव्हा माझ्या खोलीत एक सोबती होता. चढताना त्याचं इंजिन बंद पडलं, तो वळला आणि परत आला. आम्ही त्याला खांद्यावर घेतलं, मी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होतो. रात्री त्याने सगळं पुन्हा सांगितलं तेव्हा माझ्या मनात आलं, की वारा जरा जास्त असता तर? पण त्याच्या आनंदावर विरजण कशाला, म्हणून मी बोललो नाही. पुढे काही महिन्यांनी तेच घडलं. या वेळी उकाडा होता आणि शेजारी दुसरा माणूस होता. तो पुन्हा वळला, कारण मागे एकदा जमलं होतं. विमान वळणातच पडलं. समोर कापणी झालेलं ज्वारीचं रान होतं, मोकळं, सपाट. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने विचारलं, ‘समोर जागा नव्हती का रे?’ मला खरं सांगता आलं नाही आणि खोटं बोलवलं नाही.

म्हणून तुझं कौतुक वाचताना मला भीती वाटते. जमलं, हेच या गोष्टीतलं सगळ्यांत वाईट आहे. पुढच्या वेळी तुझे हात आपोआप मागे वळायला बघतील. त्या हातांना आजच दुसरं काही शिकव.

प्रत्येक वेळी धावपट्टीवर शिरण्यापूर्वी मोठ्याने म्हण, ‘अमुक उंचीखाली इंजिन गेलं तर समोर, फार तर ३० अंश डावीकडे किंवा उजवीकडे.’ शेजारी कुणी असो वा नसो, म्हण. ती उंची मी तुला सांगणार नाही, तू मोजायची. शिक्षकाला घेऊन तीन-चार हजार फुटांवर जा, चढताना इंजिन मंद कर, घाबरलेल्या माणसाला कळायला चार सेकंद लागतात म्हणून चार सेकंद थांब, मग वळ आणि किती फूट गेले ते लिहून ठेव. त्यात पुन्हा निम्मे मिळव. तो आकडा बघून तुझं तुलाच कळेल.

आणि गेलंच तर आधी नाक खाली, ६५. मग जागा. मग वेळ उरला तर हात फिरव: इंधन ‘बोथ’वर, मिक्स्चर रिच, कार्ब हीट बाहेर, मॅग्नेटो दोन्ही, प्रायमर आत आणि घट्ट. रेडिओ सगळ्यांत शेवटी. टेकण्याआधी मिक्स्चर ओढ, इंधन बंद, मॅग्नेटो बंद, फ्लॅप घेऊन झाले की मास्टर बंद, आणि दारं किलकिली कर, म्हणजे सांगाडा वाकला तरी ती अडकणार नाहीत. विमान मोडलं तर मोडू दे. त्याला विमा आहे, आणि विमानाच्या मालकीतल्या तुझ्या तिघा भागीदारांना कसं तोंड दाखवू, हा विचार तेव्हा मनात आला तर तो माझा निरोप समजून झटकून टाक.

रात्री झोप येईना म्हणून मी उपग्रहाच्या नकाशावर तुझी धावपट्टी शोधली. समोर घरं आणि उंच झाडं आहेत, खरं आहे. पण उजव्या हाताला एक लांबट कुरण दिसतं, मध्ये कुंपण नाही. पुढच्या वेळी गाडीने जाऊन ते पायी बघून ये. चर आहे का, तारा आहेत का.

फार लिहिलं. ओरडलोही. तू आठ वर्षांची असताना माझ्याकडून अल्फा-ब्राव्हो पाठ करून घेतलं होतंस आणि बाजाराची यादी रेडिओवर बोलल्यासारखी वाचायचीस. ताई वैतागायची आणि मला फार बरं वाटायचं. या घरातून दुसरं कुणी उडेल असं मला वाटलं नव्हतं. तू उडू नकोस असं मी कधीच म्हणणार नाही. लायसन्स मिळाल्याचा फोटो तू पाठवलास, तेव्हा माझ्याकडून नीट उत्तरही लिहून झालं नव्हतं. ते आज लिहितो: मला तुझा अभिमान आहे. कालही होता, काळजीने रागावलो तेव्हाही होता.

ताईला या पत्रातलं काही सांगू नकोस. तिला आनंदात राहू दे. मला मात्र ती उंची कळव. कमी असली तरी कळव, मी ओरडणार नाही. वसंतात तुझ्याकडे येण्याचा विचार पक्का करतो आहे. मला उजव्या सीटवर बसव, आणि उडण्याआधीचं ते वाक्य मला तुझ्या तोंडून ऐकू दे.

तब्येतीला जप. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
भाऊमामा