दवाखान्याचे वाटेकरी कोण?

शेत वाट्याने करायचे असेल, तर बियाणे कोणाचे, राबणे कोणाचे आणि खळ्यावर कोणाला किती, हे आपण पेरणीपूर्वीच ठरवतो. आरोग्याच्या बाबतीत मात्र आपला समज असा, की औषध डॉक्टरने द्यावे, पैसा सरकारने द्यावा आणि आपण रांगेत उभे राहावे. दवाखान्यातून बरे होऊन आलेले मूल घरी तेच गढूळ पाणी प्याले, तर आठ दिवसांत पुन्हा जुलाबाने आजारी पडणार. तेथे एकटा डॉक्टर काय करील?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस जामखेडला सापडते. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हा दुष्काळी तालुका. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दाम्पत्याने तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावकऱ्यांची पहिली गरज होती अन्न आणि पाणी. तेव्हा कामाची वाटणी झाली, ती अशी:

१. शेतकरी मंडळ: जातपात बाजूला ठेवून शेतकरी एकत्र बसू लागले. पिण्याचे पाणी, झाडे लावणे, जमिनीची धूप थांबवणे ही कामे त्यांनी अंगावर घेतली. काही ठिकाणी हातपंप दलित वस्तीत बसवले, त्यामुळे सर्वांनाच तेथे पाण्याला यावे लागले.

२. आरोग्य सेविका: ही गावातलीच बाई. पुष्कळजणी निरक्षर होत्या; पण शिक्षण घेऊन त्या गरोदर बायांची काळजी घेऊ लागल्या, बाळांची वजने करू लागल्या, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी द्यायला शिकवू लागल्या.

३. महिला मंडळ: सेविकेचे सांगणे घराघरांत रुजवणे हे यांचे काम.

४. डॉक्टर व परिचारिका: शिकवणे, आणि गावात न हटणारे दुखणे दवाखान्यात हाताळणे.

१९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली वारले, तरी काम थांबले नाही. काम दोघांचेच असते, तर त्यांच्याबरोबर संपले असते.

आता आपल्या गावाकडे वळू. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव आरोग्य समितीची तरतूद झाली. ग्रामपंचायत सदस्य, आरोग्य कर्मचारी व गावकरी असे सारे तिचे वाटेकरी. येत्या ग्रामसभेत आपण एवढे तरी विचारू या:

• समितीची बैठक शेवटी केव्हा झाली?
• तिला मिळालेला पैसा कशावर खर्च झाला?
• पिण्याच्या विहिरीत जंतुनाशक पावडर कोण टाकतो, आणि केव्हा?
• समितीत शेतमजूर बाई आहे काय?

गाव करी ते राव न करी. पेरणीत वाटा नाही, तर खळ्यावर हक्क कसला?