इंटरॅक्शनला काय विचारतात?

प्रश्न : मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. ज्युनिअर केजीच्या प्रवेशासाठी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेनं आम्हा तिघांना ‘इंटरॅक्शन’ला बोलावलंय. अशा मुलाखतींवर कायद्यानं बंदी आहे ना? मग हा काय प्रकार? आणि तयारी करायची तर कशी? घरी आम्ही मराठीच बोलतो. शेजारच्यांनी मुलीला यासाठी चक्क क्लास लावलाय.
– एक आई, ठाणे

उत्तर : बंदी आहे, आणि ती चांगली खणखणीत शब्दांत आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना मुलाला किंवा पालकांना कसलीही चाळणी लावता येत नाही. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर सोडत काढायची. चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. प्रवेशासाठी देणगी उकळली तर दंड त्या रकमेच्या दहापटीपर्यंत जातो.

मग बोलावतात कसे? हा कायदा मुळात ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे; केजीला तो कितपत लागतो यावर कोर्टापर्यंत वाद गेलेत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं या कायद्याबाहेरच आहेत. बाकीच्या शाळा सांगतात, ‘आम्ही फक्त भेटतो, निवडत नाही.’ ते खोटं पाडायचं तर तक्रार करावी लागते, आणि ज्या शाळेत पोराला घालायचंय तिच्याविरुद्ध शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणारे पालक विरळाच. तुम्ही जाल असं मला वाटत नाही, म्हणून तयारीकडे वळू.

मुलाची तयारी करू नका. क्लास तर नकोच. घोकून आलेलं मूल बाईंना दुसऱ्या वाक्याला कळतं. त्या विचारतात, ‘आज डब्यात काय आणलंस?’ आणि समोरून उत्तर येतं, ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू!’ कारण घरी दुसरा प्रश्न हाच ठरलेला असतो. मग आई खुर्चीतून ओठ हलवायला लागते, मूल बाईंकडे बघायचं सोडून आईच्या ओठांकडे बघायला लागतं, आणि सगळंच बिघडतं. त्या खोलीत असतं काय? ठोकळे, चित्रांची पुस्तकं, मणी, बुटक्या खुर्च्या. मूल वस्तू कशी हाताळतं, सांगितलेलं समजतं का, अनोळखी माणसापाशी किती वेळानं मोकळं होतं, हे पाहायचं असतं. हत्तीचं चित्र पाहून तो ‘हत्ती’ म्हणाला तर म्हणू दे. हत्ती ओळखला ना? ‘एलिफंट म्हण, एलिफंट!’ असं मागून कोपरानं ढोसू नका. आठ दिवसांत घरात इंग्रजी सुरू करायचा खटाटोपही नको. त्यानं पोरगं बोलायचंच बंद होतं.

त्याला खरं ते सांगा: एक शाळा बघायला जायचंय, तिथल्या बाई तुझ्याशी बोलतील. ‘नीट बोललास तर चॉकलेट’ हे वाक्य गिळून टाका. वेळ दुपारच्या झोपेची दिली असेल तर फोन करून बदलून मागा, बहुतेक शाळा देतात. पोटात काहीतरी असू द्या, शूला नेऊन आणा, आणि नवे बूट त्या दिवशी काढू नका. रडला तर रडू दे. या वयाची मुलं रडतात, हे केजीच्या बाईंना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

तयारी हवी ती तुम्हा दोघांची. भरलेला अर्ज आदल्या रात्री दोघांनी मिळून वाचा. आई म्हणते टीव्ही अर्धा तास, बाबा हसून म्हणतात जेवताना मोबाइल लागतोच, असं टेबलावर उघडं पडायला नको. दिवसभर आजी सांभाळत असेल तर तसंच सांगा. हट्ट केला की काय करता, हा प्रश्न हमखास येतो. तिथे पुस्तकी उत्तरापेक्षा मागच्या आठवड्यात घरात जे घडलं ते सांगितलेलं बरं. ‘अमुक साहेब आमचे नातेवाईक’ हे कुठेही येऊ देऊ नका.

आणि तुम्हीही विचारा. वर्गात मुलं किती, बाई किती, मदतीला मावशी आहेत का. वर्षाची एकूण फी किती, आणि ती लेखी मिळेल का. पहिल्या आठवड्यात रडणाऱ्या मुलाला आई-बाबांपैकी कुणी वर्गात बसलेलं चालतं का, हे तर विचाराच. या उत्तरावरून शाळा बरीच कळते.

मराठीत घरोघरी वाचल्या गेलेल्या ‘तोत्तोचान’मध्ये अशीच एक प्रवेशाची भेट आहे, आणि ती खरी घडलेली आहे. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेल्या मुलीला आई टोकियोच्या तोमोई शाळेत घेऊन जाते. मुख्याध्यापक कोबायाशी आईला घरी पाठवतात, मुलीसमोर खुर्ची ओढून बसतात आणि सांगतात, तुला हवं ते बोल. ती तब्बल चार तास बोलते, तिच्याजवळचं सगळं बोलणं संपेपर्यंत. मग तिला प्रवेश मिळतो. तुमच्या शाळेला चार तास नसणार, चार मिनिटं मिळाली तरी खूप. पण बाईंनी प्रश्न विचारल्यावर त्या उत्तरासाठी थांबतात की लगेच पुढच्या कागदाकडे वळतात, एवढं मात्र नीट बघून ठेवा.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची लेखी परीक्षा देते आहे. पुढच्या मुलाखतीचं काय?
– एक वडील, सातारा

उत्तर : २०२२ पासून तिथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला, हे उत्तम झालं. इंग्रजी, गणित आणि सामान्य ज्ञान हे तीन पेपर पार केल्यावर ५० गुणांची तोंडी परीक्षा असते. इथे मात्र सराव हवा, पण पाठांतराचा नको. छंद म्हणून ‘वाचन’ लिहिलं असेल तर नुकतंच वाचलेलं पुस्तक तिला सांगता आलं पाहिजे, आणि ते आवडलं नसेल तर का, हेही. सातारची आहे म्हटल्यावर अजिंक्यतारा, कास आणि कोयनेबद्दल विचारणा होईल असं धरून चाला. रोज रात्री जेवताना पेपरातल्या एका बातमीवर तिचं मत विचारा, आणि तुम्ही गप्प बसा. शेवटचं जमणं वडिलांना जड जातं. उत्तर येत नसेल तर ‘सर, मला माहीत नाही’ असं मान वर करून म्हणायची तिला सवय लावा. खाली बघत ठोकून दिलेल्या उत्तरावर दुसरा प्रश्न येतो, मग तिसरा, आणि तिथून सुटका अवघड असते.