बेणे एक, अंगणे चार

गुलछडीचे फूल आपण सर्वांनी पाहिले आहे. ते लग्नाच्या हारात असते, देवाच्या माळेत असते. पांढरे शुभ्र फूल, खाली लांबट नळी. संध्याकाळी उमलते आणि रात्रभर दरवळते. म्हणून त्याला निशिगंध असेही म्हणतात. निशा म्हणजे रात्र.

हे झाड मूळचे मेक्सिको देशातले. पण आपल्या हवेत ते असे रुळले की आता परके वाटत नाही. पुणे, नाशिक, सांगली या जिल्ह्यांत शेतकरी त्याचे मळे करतात. घरापुढे एक वाफा असला तरी सणासुदीला फूल विकत आणावे लागत नाही. उरलेले विकले तर मिठामिरचीला दोन पैसे सुटतात.

गुलछडी लावतात ती कंदांपासून. कंद लहान कांद्यासारखा दिसतो. जमिनीत एका कंदाला पुष्कळ पिल्ले फुटतात. जशी आई तशी पिल्ले. त्यामुळे एका वाफ्यातले कंद दहा घरी वाटले, तरी वाण एकच राहतो. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा धडा तिच्यावर उभा आहे.

वाटलेले कंद

समजा, एका गावात एका बाईच्या दारी गुलछडीचा सुरेख वाफा आहे. मे महिन्यात तिने तीन घरी वीस-वीस कंद दिले. एक घर भावाचे, दुसरे शेजारणीचे, तिसरे गल्लीच्या टोकाचे. दिवाळी आली. देणारीच्या दारी दांडेच दांडे. बाकी तिन्ही घरी फुलाचा पत्ता नाही.

भावजय म्हणाली, "वन्सं, तुमचे कंद खोटे निघाले बघा. नुसता पाला माजलाय. एक दांडा नाही."

नणंद म्हणाली, "वहिनी, माझ्या वाफ्यातलेच कंद आहेत ते. मग माझ्याकडे कसे फुलले?"

झाले! एवढ्यावरून मने दुखावली. शेजारीण म्हणू लागली, "चांगले स्वतःला ठेवले, वाईट आम्हाला दिले." तिसऱ्या घरी तर वाफा खणून टाकायची तयारी झाली. चांगले बेणे उकिरड्यावर जाणार होते. घरोबा तुटायची वेळ आली होती.

असे आपल्याही गावात होते, नाही का? फूल असो, भात असो, की वांगे असो. पीक फसले की आपण म्हणतो, "बी वाईट होते." आता या चारही अंगणांत जाऊन पाहू.

पहिले अंगण : उजेड कमी

भावाच्या दारात मोठे कडुलिंबाचे झाड आहे. वाफा त्याच्याखाली. सकाळी तासभर ऊन लागते, मग दिवसभर सावली. गुलछडीला ऊन भरपूर लागते. रोज निदान सहा तास तरी हवे. सावलीत तिची पाने लांब होतात, हिरवीगार दिसतात, माणसाला वाटते झाड खूश आहे. पण पानांना उजेड मिळाला नाही तर कंद पोसत नाही. पोसल्याशिवाय दांडा येत नाही. शिवाय कडुलिंबाची मुळे वाफ्यातले पाणी आणि खत ओढून घेतात, ते वेगळेच.

दुसरे अंगण : पाणी जास्त

शेजारणीला वाटले, रोज पाणी घालायचा त्रास नको. तिने कंद न्हाणीच्या पाण्यावर लावले. तिथे माती कधी सुकत नाही, साबणाचे पाणीही तिथेच मुरते. पाने पिवळी पडली. एक कंद उकरून पाहिला. तो मऊ, काळा झाला होता, घाण वास येत होता. कंदाला ओल हवी, पण साचलेले पाणी चालत नाही. मातीतल्या बारीक भोकांत पाणी भरून राहिले की मुळांना हवा मिळत नाही. मुळे गुदमरतात व कुजतात. काळ्या चिकण जमिनीत हा धोका अधिक. तिथे गादीवाफा करावा, शेणखत भरपूर घालावे.

तिसरे अंगण : कंद लहान

गल्लीच्या टोकाच्या घरी ऊन चांगले, निचराही चांगला. तरी फूल का नाही? वाटप करताना त्यांच्या वाट्याला तळाची बारीक पिल्ले आली होती. हरभऱ्याएवढी, शेंगदाण्याएवढी. अशी पिल्ले पहिल्या वर्षी पाने देतात आणि जमिनीत वाढतात. फूल धरायला कंद सुपारीएवढा तरी हवा. इथे ना जागेचा दोष, ना वाणाचा. फक्त एक वर्ष थांबायला हवे होते, आणि हेच लोक वाफा खणून टाकायला निघाले होते!

चौथे अंगण : गर्दी

आता देणारीच्या दारी या. तिचा वाफा बहरला होता, कारण ऊन, निचरा आणि मोठे कंद हे तिन्ही तिच्याकडे होते. पण तिने पुढची दोन-तीन वर्षे वाफा तसाच ठेवला. मग तिच्याकडेही दांडे कमी झाले, आखूड झाले. असे का?

एक कंद एकदाच फुलतो. फुलून झाला की त्याचे काम संपले. पुढचे फूल त्याची पिल्ले देतात. पिल्लांना पिल्ले होतात, आणि वाफ्यात दाटी होते. जागा तेवढीच, खाणारी तोंडे दसपट. मग कुणाचेच पोट भरत नाही. म्हणून दर तीन वर्षांनी कंद काढावेत, मोठे निवडावेत, नव्या जागी लावावेत.

बघा, वाण चारही ठिकाणी तोच. एकीकडे उजेड कमी, दुसरीकडे पाणी जास्त, तिसरीकडे कंद लहान, चौथीकडे गर्दी.

मग वाणाचा दोष कधी?

वाणाचा दोष कधीच नसतो, असे मात्र नाही. गुलछडीत एकेरी आणि दुहेरी असे दोन मुख्य प्रकार आहेत. एकेरीला पाकळ्यांची एकच रांग असते. तिचा वास अधिक. ती हारासाठी सुटी विकतात. दुहेरीला पाकळ्यांच्या बऱ्याच रांगा असतात. ती दांड्यासकट फुलदाणीसाठी विकतात. दुहेरीची फुले कधीकधी पुरती उमलतही नाहीत. हारवाल्याला फूल द्यायचे असेल आणि दुहेरी लावली, तर तिथे निवड चुकली. बंगळूरच्या सरकारी बागायती संशोधन संस्थेने 'शृंगार' आणि 'प्रज्वल' हे एकेरी वाण काढले आहेत. तेही लावून पाहण्यासारखे आहेत.

पण दोष वाणाचा की जागेचा, हे ओळखायचे कसे? त्याची एक सोपी रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. एकाच वाणाचे, एकाच मापाचे कंद दोन जागी लावा. फरक दिसला तर तो जागेचा. मग दोन वाण एकाच वाफ्यात शेजारी-शेजारी लावा. फरक दिसला तर तो वाणाचा. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर काहीच कळत नाही. शेतात पाच-दहा गुंठ्यांची लागण करण्याआधी अंगणात ही परीक्षा घ्यावी. वीस कंदांत जे कळते, ते कळायला हजारो रुपये घालवू नयेत.

लागण अशी करा

एप्रिल-मे महिन्यात लावा. काढलेले कंद आधी महिनाभर सावलीत कोरडे ठेवा. तीन बोटे खोल, एक वीत अंतरावर पुरा. पावसाळ्यात पाणी साचू देऊ नका. उघडीप पडली तर आठवड्यातून एकदा पाणी द्या. साधारण तीन-साडेतीन महिन्यांनी दांडे दिसू लागतात. थंडी वाढली की फूल कमी होते. तेव्हा घाबरू नका. कंद काढताना मुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमीचा रोग समजा. असे कंद कुणाला देऊ नका. त्या जागी एक हंगाम झेंडू लावा.

वही ठेवा

तुम्ही आता लिहायला शिकलात. ही विद्या पत्रापुरती ठेवू नका. माणसाची आठवण दिवाळीपर्यंत टिकत नाही, पण वहीतले अक्षर टिकते. एक पान असे करा :

लागणीचा दिवस : १० मे
कंद किती : २०
कंदाचे माप : सुपारीएवढे
ऊन किती वेळ : सकाळी ८ ते दुपारी ३
पाणी : आठवड्यातून एकदा
पहिला दांडा : २५ ऑगस्ट
दिवाळीपर्यंत दांडे : १४

शेजारणीनेही असेच पान लिहावे. दोन्ही पाने शेजारी ठेवली की भांडणाला जागाच उरत नाही. उत्तर कागदावर दिसते.

त्या गावात शेवटी काय झाले म्हणाल? भावजयीने उन्हाळ्यात कंद काढले. त्यातले मोठे निवडले, महिनाभर कोरडे ठेवले आणि मोकळ्या अंगणात लावले. दसऱ्याला सगळ्यांना नाही, पण सात कंदांना दांडे आले. पहिली माळ तिने नणंदेच्या घरी पाठवली.

कठीण शब्द

वाण : जात, प्रकार
निचरा : जादा पाणी वाहून किंवा मुरून जाणे
गादीवाफा : जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा
सूत्रकृमी : मुळांत शिरणारा, डोळ्यांना न दिसणारा किडा

उत्तरे लिहा

१. सावलीत पाने जोमदार असूनही फूल का येत नाही?
२. तिसऱ्या घरी वाफा खणून टाकणे का योग्य नव्हते?
३. दर तीन वर्षांनी कंद का काढावेत?
४. तुमच्या घरी न फळणारे एखादे झाड आहे का? ऊन, पाणी, माती व गर्दी यांपैकी काय तपासाल? चार ओळी लिहा.