बाटली तुमची, पण ओतायची त्यांनी

परदेशी निघालेल्या नाशिककराच्या बॅगेत पूर्वी चिवडा असायचा. आता चिवडा असतोच, शिवाय दिंडोरीकडच्या एखाद्या वायनरीची बाटलीही असते. लेकीकडे न्यायची, जावयाच्या मित्रमंडळींपुढे ‘ही आमच्याकडची शेनिन ब्लां’ म्हणून ऐटीत उघडायची. मीही नेतो. त्यामुळे ओळखीतलं कुणी निघालं की मला फोन येतो. बाटली कशी बांधायची हे विचारून झालं की थोडा आवाज उतरवून दुसरा प्रश्न येतो, ‘काय हो, विमानातच थोडी घेतली तर चालते ना? आपलीच तर आहे.’

चालत नाही. सामानात नेता येते, ड्यूटी फ्रीमधून विकत घेऊन हातात धरून विमानात चढता येतं; पण सीटवर बसून स्वतःच्या हातानं ओतून प्यायची नाही. अमेरिकेत तर हा थेट सरकारी नियम आहे. तिथल्या एफएए या विमान वाहतूक प्रशासनाच्या नियमावलीतलं 121.575 हे कलम म्हणतं की, विमान कंपनीनं स्वतः दिलेल्या मद्याखेरीज दुसरं कुठलंही मद्य प्रवाशानं विमानात पिऊ नये. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या बहुतेक कंपन्या हीच गोष्ट प्रवासाच्या अटींमध्ये लिहून ठेवतात. त्या अटी आपण तिकीट काढताना न वाचता ‘मान्य’ करून मोकळे होतो. देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांत तर मद्य मिळतच नाही, मग स्वतःचं काढून बसण्याचा प्रश्नच येत नाही.

घोटाळा होतो तो सिक्युरिटीपाशी. हाताच्या सामानात 100 मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्या चालतात, म्हणून 50 मिलिलिटरच्या चिमुकल्या व्हिस्कीच्या बाटल्या पारदर्शक पिशवीत घालून लोक नेतात, आणि त्या तपासणीतून सुटल्या की प्यायलाही परवानगी मिळाली असं धरून चालतात. तपासणी करणारा माणूस फक्त एवढंच बघत असतो की, या द्रवापासून विमानाला धोका नाही ना. पुढे त्याचं तुम्ही काय करता हे त्याच्या खात्यातलं नाही. ते खातं केबिन क्रूचं.

आमच्या साडूंना हे खातं कुणाचं ते मुंबईहून युरोपमार्गे अमेरिकेला जाताना कळलं. आम्ही दोघं आणि ती दोघं, मधल्या रांगेत चौघं. साडूंनी मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून रेड वाइनच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. दुकानदारानं त्या लाल कडेच्या, चिकटवून बंद केलेल्या पारदर्शक पिशवीत घालून दिल्या. पावतीही आतच, बाहेरून वाचता येईल अशी. पिशवीवर ठळक छापलं होतं की, शेवटच्या मुक्कामाला पोचेपर्यंत ही उघडू नका. जेवणाबरोबर त्यांना कंपनीची वाइन मिळाली, दोनदा मिळाली. पण त्या पाव लिटरही नसलेल्या बाटल्यांनी त्यांचं समाधान होईना. ट्रे उचलून नेले, दिवे मंद झाले, आणि मला शेजारून प्लास्टिक टराटरा फाटल्याचा आवाज आला. मग झाकण फिरल्याची कडकड. मी ‘अहो, राहू द्या’ म्हणेपर्यंत पाण्याच्या ग्लासात निम्म्याच्या वर लाल झालं होतं.

वाइनचा वास बंद केबिनमध्ये लपत नाही. दोन रांगा पलीकडून एक मुलगी आली, पंचविशीची असेल. नावाच्या पट्टीवरून मराठी वाटली आणि निघालीही डोंबिवलीची. सीटपाशी वाकून हळू आवाजात म्हणाली, ‘काका, ही बाटली मला द्यावी लागेल.’

‘पैसे मोजून घेतलीय, चोरून नाही आणली,’ साडू.

‘तुमचीच आहे, काका. उतरताना हातात देते. पण इथं आम्ही दिलेलीच घ्यायची.’

ती थांबून राहिली. साडूंनी ग्लास दिला, मग बाटली दिली, मग मेहुणीच्या नजरेकडे बघून दुसरी, न उघडलेलीही दिली. मुलीनं दोन्ही बाटल्या त्या फाटक्या पिशवीसकट नेल्या, त्यांना सीट नंबर लिहिलेली चिठ्ठी अडकवली. अर्ध्या तासानं साडूंनी बटण दाबून कंपनीची वाइन मागितली तर ती पाणी घेऊन आली. ‘आता हेच, काका.’ मेहुणी डोळे मिटून पडली होती, तशीच म्हणाली, ‘महाराष्ट्रात कुणी परवाना विचारत नाही ना, त्याची सवय.’ अगदीच खोटं नव्हतं. आपल्याकडे 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, तो एका दिवसापुरताही मिळतो, आणि बारमध्ये बसणाऱ्या कितीजणांनी तो कधी पाहिला असेल देव जाणे. जमिनीवरचे नियम असे कागदावर राहतात. विमानात ते कागदावर राहत नाहीत, कारण तिथं नियम सांगणारा आणि राबवणारा एकच असतो आणि तो दहा पावलांवर उभा असतो.

मुलीनं शब्द पाळला, उतरताना दोन्ही बाटल्या परत दिल्या. खरा फटका पुढच्या विमानतळावर बसला. विमान बदलताना पुन्हा सिक्युरिटी. तिथल्या माणसानं पिशवी उंच धरली, फाटलेली कड बोटानं दाखवली आणि शेजारच्या पिंपाकडे हात केला. सील शाबूत आणि पावती आत असेल, तरच ही पिशवी दुसऱ्या विमानतळावर ग्राह्य धरतात. फाटली की त्या बाटल्या कुठल्याही साध्या द्रवासारख्या, आणि 750 मिलिलिटरचा द्रव हातात घेऊन तिथं कुणी पुढे सोडत नव्हतं. दुसरी बाटली उघडलेली नव्हती, पण पिशवी एकच होती. दोन्ही गेल्या.

एवढ्यावर निभावलं हेही सांगायला हवं. साडू भांडले नाहीत. जे भांडतात त्यांचं काय होतं याची जंत्री एफएए अधूनमधून जाहीर करते. 2021 मध्ये स्वतःची दारू विमानात प्यायलेल्या एका प्रवाशानं नशेत केबिन क्रूशी गैरवर्तन केलं, त्यासाठी 40,823 डॉलरचा दंड प्रस्तावित झाला होता. आपल्याकडच्या डीजीसीए या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं 2017 मध्ये उपद्रवी प्रवाशांसाठी तीन पायऱ्या ठरवल्या. तोंडी शिवीगाळ किंवा नशेतला धिंगाणा ही पहिली पायरी, त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी; अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत; आणि जिवाला धोका होईल असं काही केलं तर किमान दोन वर्षं. ‘मी फक्त एक ग्लास घेत होतो’ हे वाक्य पहिल्या पायरीच्या फार दूर नसतं. दुसऱ्या ग्लासानंतर आवाज चढतो, तिसऱ्यानंतर पुढच्या सीटला गुडघे लागतात.

या नियमामागे कंपनीचा गल्ला असेल असा अनेकांचा संशय. लांबच्या प्रवासात वाइन बहुधा फुकटच मिळते, तेव्हा गल्ल्याचं कारण तिथं टिकत नाही. खरं कारण हिशेबाचं आहे. कुणाला किती दिलं, कोण हिरव्यात, कोण पिवळ्यात, कोण लाल दिव्यापाशी पोचला, हे क्रू मनात मोजत असतो. तसं त्यांना शिकवलेलंच असतं. तुम्ही आपली बाटली काढलीत की तो हिशेब फसला. पस्तीस हजार फुटांवर माणूस बिघडला तर खाली उतरवायला जवळचा विमानतळ शोधावा लागतो, आणि भुर्दंड तीनशे जणांना बसतो. अमेरिकेच्या कलमाचा नुसता शब्द धरला तर तुमची बाटली क्रूनं घेऊन तुम्हाला ओतून दिली तर नियम मोडत नाही. पण बहुतेक कंपन्या त्या भानगडीत पडत नाहीत. विचारायचंच असेल तर चढताच, बाटली बंद असताना विचारावं. ‘नाही’ म्हणाले तर तो विषय तिथंच संपवावा.

आता थोडं वाइनच्या बाजूनं. तुमची चांगली बाटली विमानात उघडणं म्हणजे तिच्यावर अन्यायच. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून वर. हवा अतिशय कोरडी, नाक सुकलेलं, वर इंजिनांची अखंड घरघर. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं लुफ्तान्झासाठी केलेल्या चाचण्यांत दिसलं होतं की, अशा हवेत गोड आणि खारट चवी बऱ्याच बोथट होतात. रेड वाइनमधली फळाची गोडी मागे पडते आणि तुरटपणा पुढे येतो. सहा महिने जपलेली शिराज काढ्यासारखी लागेल, आणि दोष मात्र शेतकऱ्याच्या माथी जाईल. स्पार्कलिंगची कथा वेगळी: बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब, बाहेर नेहमीपेक्षा कमी. बूच कुठं जाईल आणि फेस कुणाच्या साडीवर पडेल याची खात्री नाही.

तब्येतीचं म्हणाल तर जर्मनीच्या अंतराळ व विमानन संशोधन केंद्रातला एक प्रयोग 2024 मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तरुण, निरोगी माणसांना दोन ग्लास वाइनइतकं मद्य देऊन केबिनसारख्या कमी दाबाच्या खोलीत झोपवलं. झोपेत त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन सुमारे 85 टक्क्यांवर आला आणि नाडी 88च्या आसपास गेली. जमिनीवर तेवढंच पिऊन झोपलेल्यांचा ऑक्सिजन 95 टक्के होता. करोनात आपण सगळे बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो होतो, 85 म्हणजे काय ते घराघरात माहीत आहे. ही तरुणांची गोष्ट. आमच्या वयात रक्तदाबाची गोळी, वर डॉक्टरांनी प्रवासापुरती दिलेली झोपेची गोळी, आणि ‘दोन पेग मारून सरळ नेवार्कला डोळे उघडतो’ असा बेत. हे त्रिकूट जमवू नका. मी जेवणाबरोबर एक ग्लास घेतो, तोही पांढऱ्या वाइनचा, आणि मग पाणी.

बाटली न्यायची ती सामानाच्या बॅगेत. विमानाच्या पोटातही केबिनइतकाच दाब असतो, त्यामुळे बाटली आपोआप फुटत नाही. ती फुटते बॅगा फेकणाऱ्यांच्या हातून. आमच्या घरी एक युक्ती चालते: बाटलीभोवती लहान बाळाचा डायपर गुंडाळायचा, वर दोन झिपच्या पिशव्या, मग जुनं धोतर किंवा टॉवेल, आणि ते सगळं बॅगेच्या मधोमध, कडेला चुकूनही नाही. फुटलीच तर डायपर बरीचशी वाइन पिऊन टाकतो. वजन विसरू नका. भरलेली साधी बाटली सव्वा किलोच्या पुढे, स्पार्कलिंगची दीडच्या पुढे. 23 किलोच्या बॅगेत चार बाटल्या घातल्या तर चिवड्याला जागा उरत नाही.

ड्यूटी फ्रीची पिशवी असेल तर मुक्कामापर्यंत तिच्याकडे बघायचंही नाही. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर कस्टम्सनंतर बॅग पुन्हा जमा करावी लागते. पुढचं विमान देशांतर्गत असेल तर बाटली त्याच वेळी मोठ्या बॅगेत टाका, म्हणजे पुढच्या सिक्युरिटीशी वाद नको. तिथं एकवीस वर्षांवरच्या माणसाला साधारण एक लिटर करमुक्त नेता येतं. जास्त असेल तर खरं सांगा. कर फारसा नसतो, लपवल्याचा त्रास मोठा. भारतात परत येताना मर्यादा दोन लिटर. कुवेत किंवा सौदीला उतरायचं असेल तर बॅगेत एक थेंबही नको.

देशातही सामानाचा नियम आणि राज्याचा कायदा वेगळे. 24 ते 70 टक्क्यांमधलं मद्य माणशी पाच लिटरपर्यंत बॅगेत चालतं, 24च्या खालच्या वाइन-बिअरला धोकादायक मालाची ही मर्यादा लागूच नाही. पण हे विमानापुरतं. तीच बॅग अहमदाबादला किंवा पाटण्याला उतरली की तिथल्या दारूबंदी कायद्यात तुम्ही सापडलात, आणि ‘विमान कंपनीनं घेतली होती’ हे उत्तर तिथं चालत नाही. गोव्याहून येणाऱ्यांची गंमत निराळी. ओळखीच्या कुणीतरी प्रेमानं पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून दिलेली गावची काजू फेणी असते. ती दुकानातल्या सीलबंद बाटलीत नसते, म्हणून काउंटरवर काढून ठेवावी लागते, आणि काढून ठेवावीच. ती चुकून गेलीच आणि आत गळली, तर तो वास चार धुण्यांनी जात नाही. आमच्या हिची एक इरकल अजून वेगळ्या कपाटात आहे.