पडून राहणाऱ्यालाही अन्न हवे

ज्या दिवशी औत जुंपायचे नसते, त्या दिवशीही आपण गोठ्यातील बैलांना वैरण टाकतोच. हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु घरात कोणी तापाने अंथरूण धरले, की "पडूनच तर आहे, चार दिवस लंघन होऊ दे," असे सर्रास म्हटले जाते. ही समजूत घातक आहे.

आपल्या शरीरात अन्नापासून शक्ती निर्माण करण्याचे, नवीन पेशी घडविण्याचे व जुन्या मोडण्याचे काम अहोरात्र चालते. त्याला चयापचय म्हणतात. चय म्हणजे भर, अपचय म्हणजे झीज. १७८३ च्या सुमारास लाव्हाझिए व लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवला. त्याच्या उबेने किती बर्फ वितळला हे मोजून त्यांनी दाखविले, की श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय.

ही चूल झोपेतही विझत नाही. बैठे काम करणाऱ्या माणसाची दिवसातील निम्म्याहून अधिक शक्ती हृदय, फुप्फुसे, मेंदू, यकृत इत्यादी चालू ठेवण्यातच खर्च होते. ताप एक अंश सेल्सिअसने चढला, की हा खर्च सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. अशा वेळी अन्न बंद केले, तर यकृतातील साखरेचा साठा साधारण एका दिवसात संपतो. मग शरीर चरबीबरोबर स्वतःचे स्नायूही मोडू लागते. ताप उतरल्यावर पाय लटपटतात, त्याचे हेही एक कारण आहे.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. रोग्याला जबरदस्तीने भरवू नये. पण दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्यावे. नाचणीची आंबील, मऊ भात, मुगाचे वरण, केळे चालेल.

२. उकळून गार केलेले पाणी वरचेवर पाजावे.

३. तान्ह्या मुलाला ताप असला, तरी अंगावर पाजणे थांबवू नये.

४. काही पोटात ठरत नसेल, ग्लानी येत असेल किंवा ताप हटत नसेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. मधुमेही रोग्याच्या बाबतीत तर मुळीच थांबू नये.

उपवासकाळातही ख्रिस्तसभा आजाऱ्याकडून उपवासाची अपेक्षा करीत नाही. याईराच्या मुलीला उठविल्यावर प्रभूने घरच्यांना काय सांगितले ते आठवावे : हिला काही खायला द्या.