मधुगिरी: ग्रॅनाइटवर पाय कुठे टाकायचा

सह्याद्रीत तयार झालेला पाय मधुगिरीवर सुरुवातीला गोंधळतोच. आपल्याकडे कातळ म्हटला की त्याला टप्पे असतात, खोबण्या असतात, हात घालायला कपार असते. लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, उघड्यावर भराभर थिजले आणि डोंगराला मुळातच पायऱ्यांची घडण मिळाली. तुमकूर जिल्ह्यातला हा किल्ला मात्र एका अवाढव्य शिळेवर बसलाय. ना टप्पा, ना कपार. नुसता उतार, आणि तोही वर जावं तसा उभा होत जाणारा. इथे बोटांना काम कमी, बुटाच्या तळाला जास्त.

बंगळूरहून अंतर साधारण शंभर किलोमीटर, बस थेट गावात जाते, गावातून किल्ला समोरच दिसतो. वाट चुकायला जागा नाही. इतिहासही पटकन उरकतो: सतराव्या शतकातलं स्थानिक गौडांचं बांधकाम, पुढे हैदर अलीचा ताबा, 1767 मध्ये थोरल्या माधवरावांनी किल्ला घेतला आणि हैदरने इथे कैदेत टाकलेल्या बिदनूरच्या राणीला सोडवलं. चढाई मात्र तशी उरकत नाही. पायऱ्या आहेत म्हणून या किल्ल्याला ‘हा काही ट्रेक नव्हे’ म्हणणारे खरे ट्रेकर वरच्या टप्प्यावर चारी पायांवर आलेले मी पाहिले आहेत.

ऑक्टोबर होता. खालचे दरवाजे मागे पडले होते आणि कातळात छिन्नीने खोदलेल्या उथळ पावट्या सुरू झाल्या होत्या. तेवढ्यात पूर्वेकडून ढग आला आणि कोसळला. आपल्याकडे पाऊस आधी माती भिजवतो, गवतात मुरतो, मग ओढा होतो. इथे मुरायला काही नाहीच. पाच मिनिटांत अख्खा उतार वाहू लागला. आमच्याबरोबर गावातले एक अज्जा होते, शेळ्या शोधत वर आलेले. त्यांनी मोडक्या हिंदीत एवढंच सांगितलं, ‘बैठो. पत्थर सूखेगा, फिर जाना.’ जवळच्या बुरुजाच्या आडोशाला आम्ही टेकलो. शिखर त्या दिवशी गेलंच, पण ग्रॅनाइट कसा वाचायचा ते त्या सक्तीच्या बैठकीत कळलं.

पाणी सगळीकडून सारखं वाहत नव्हतं. कातळावर वरून खाली काळे पट्टे असतात, फोटोत ते रंगवल्यासारखे दिसतात. दर पावसात पाणी त्याच ओघळीतून उतरतं, म्हणून तिथे शेवाळवर्गी सूक्ष्मजीव आणि दगडफूल धरतं. कोरडा पट्टा त्रास देत नाही. ओला झाला की त्यावर बूट टिकत नाही. पाऊस थांबल्यावर आधी वाळला तो पट्ट्यांमधला गुलाबी, खरबरीत भाग. छिन्नीच्या पावट्यांत पाणी साचून राहिलं होतं, शिवाय शेकडो वर्षांच्या पावलांनी त्या गुळगुळीत झालेल्या. अज्जा उतरले ते पावट्या सोडून, गुलाबी कातळावरून, गुडघे किंचित वाकवून, पूर्ण तळवा टेकवत. आम्हीही तसेच उतरलो. टाचेवर जोर देऊन, मागे रेलून उतरायची सवय इथे मोडावी लागते. अंग मागे गेलं की तळवा सुटतो.

त्या गुलाबी भागावर पकड का मिळते, ते गुडघ्यावर बसून पाहिल्याशिवाय समजत नाही. बोटाच्या पेराएवढे फेल्डस्पारचे चौकोनी स्फटिक दगडात रुतलेले असतात आणि भोवतीचा बारीक दाणा झिजल्याने ते किंचित वर आलेले असतात. मध्ये काचेसारखे करडे ठिपके, ते क्वार्ट्झ. काळे चमकणारे पापुद्रे म्हणजे अभ्रक. एवढे मोठे स्फटिक व्हायला वेळ लागतो. ज्या वितळलेल्या खडकाच्या रसातून हा दगड घडला, तो जमिनीवर कधी आलाच नाही. काही किलोमीटर खोल अडकून राहिला आणि अतिशय सावकाश निवला. आपला बसाल्ट लवकर थिजला म्हणून त्यात डोळ्याला दाणा दिसत नाही.

वयाचा फरकही मोठा आहे. सह्याद्रीतला बसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा, मधुगिरीचा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा. तेव्हा कवचातले जुने खडक वितळले आणि त्यात आणखी खालून आलेला तप्त रस मिसळला. गुलाबी दगडात मध्येच काळपट लांबट गोळे दिसतात, ते त्याच मिसळणीतले न विरघळलेले अवशेष. बुरुजाच्या पायथ्याशी असा एक गोळा चांगला हातभर होता. ग्रॅनाइट वितळलेल्या रसाचा, हे माणसाला उशिरा पटलं. जर्मन भूशास्त्रज्ञ वेर्नरच्या पंथाला तो आदिम समुद्रात साचलेला वाटे. जेम्स हटनने 1785 मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्टमध्ये ग्रॅनाइटच्या शिरा शेजारच्या खडकात घुसलेल्या दाखवल्या. घुसायचं तर तो आधी द्रव हवा.

दक्षिणेला रामनगरपासून सावनदुर्ग, मधुगिरी करत उत्तरेला हंपीपर्यंत जाणाऱ्या या पट्ट्याला भूशास्त्रात क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात. क्लोजपेट हे रामनगरचं जुनं नाव, म्हैसूरचा रेसिडेंट बॅरी क्लोज याच्यावरून पडलेलं. हाच क्लोज पुढे पुण्याला आला आणि 1802 मध्ये दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह करून बसला.

आता धोक्याच्या दोन जागा. वरचे किलोमीटर-किलोमीटर जाडीचे खडक झिजून गेले, तसा खालचा दाब उतरला आणि ग्रॅनाइट फुगून पृष्ठभागाला समांतर चिरला. म्हणून कातळाचे थर भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटतात. कडेच्या पापुद्र्यावर काठी आपटा, पोकळ आवाज आला तर त्याच्या टोकावर उभं राहू नका. दुसरी जागा म्हणजे भरड वाळू. पावसाच्या पाण्याने फेल्डस्पारची माती होते, क्वार्ट्झचे दाणे सुटे पडतात आणि नेमके उताराच्या खळग्यांत साचतात. उतरताना बहुतेक लोक पडतात ते इथेच, आणि तेही कोरड्या दिवशी.

शिळा ओठंगून आलेली असेल तिथे मान वर करून आग्या मोहोळ बघून घ्या, मगच बसा. खाली ब्लूटूथवर गाणी वाजवत चढणाऱ्या टोळ्यांना हे कोणी सांगत नाही. कातळातल्या खळग्यांत पावसाचं पाणी महिनोन्‌महिने राहतं, शेळ्या-पाखरं त्यावर जगतात, आणि त्यातच वेफर्सची पाकिटं तरंगत असतात. ऑइलपेंटने रंगवलेली प्रेमिकांची नावंही भरपूर. हा दगड इतका सावकाश झिजतो की ती नावं लग्नानंतरही टिकतील.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे निघून दहाच्या आत खाली. मार्चनंतर शिळा तापते ती सूर्य बुडाल्यावरही तापलेलीच राहते. बुटाचा रबर मऊ हवा, खोल खाचांचे कडक तळ इथे निरुपयोगी. आणि कर्नाटक लांब पडत असेल, तर नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे जा. तिथे दख्खनचा बसाल्ट संपतो आणि त्याच्याखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. किल्ला नाही, गर्दी नाही, काळे पट्टे मात्र तसेच.