पहिला खर्च कशावर? बेताच्या उत्पन्नात कुत्र्यामांजरांचे आरोग्य

घरातील कुत्र्याचे किंवा मांजराचे आजारपण बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाला अकस्मात कोसळलेला खर्च वाटतो. परंतु पशुवैद्यकाकडे येणाऱ्या महागड्या आजारांची कारणे मागे जाऊन शोधली, तर त्यांतील बरेचसे आजार काही महिन्यांपूर्वी टाळलेल्या एखाद्या छोट्या खर्चातून उद्भवलेले आढळतात. त्यामुळे कमी पैशांत प्राण्याची निगा राखणे म्हणजे प्रत्येक बाबतीत थोडीथोडी काटछाट करणे नव्हे. कोणत्या खर्चाला कात्री लावायची नाही आणि कोणता खर्च निर्धास्तपणे सोडून द्यायचा, हे आधी ठरवणे म्हणजे खरी काटकसर होय. लस, जंतनाशक औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि निर्बीजीकरण ही चार कामे पहिल्या प्रकारात मोडतात. उंची जात, सुगंधी शाम्पू, शोभेचा पट्टा आणि बहुतेक वेळा पाकिटातले खाद्यसुद्धा दुसऱ्या प्रकारात.

लहान खर्च आणि मोठा खर्च यांचे नाते पार्व्हो या विषाणूच्या आजारात सर्वांत स्पष्ट दिसते. हा विषाणू पिल्लाच्या आतड्याच्या अस्तरातील वेगाने विभागणाऱ्या पेशी नष्ट करतो. त्यामुळे उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब सुरू होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत कोरडे पडते, आणि त्याला वाचवण्यासाठी अनेक दिवस सलाईन, प्रतिजैविके व देखरेख यांवर काही हजार रुपये खर्चूनही यशाची खात्री देता येत नाही. याउलट लसीचा खर्च काही शे रुपयांत भागतो. ही लस साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्यावी लागते. एवढ्या मात्रा कशासाठी, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो आणि पैसे वाचवण्यासाठी पहिल्या मात्रेवरच थांबले जाते. त्याचे उत्तर आईच्या दुधात आहे: जन्मानंतरच्या पहिल्या दिवसाच्या चिकातून पिल्लाला मिळालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, त्याचे रक्षण तर करतातच, पण लसीलाही निष्प्रभ करतात, आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाबाबत वेगळे असते. म्हणून शेवटची मात्राच सर्वांत मोलाची ठरते. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेली असेल तरच उपयोगी पडते. दुकानातून विकत आणून, पिशवीत उन्हातून नेऊन घरी टोचलेली लस ही बचत नसून फसवी निश्चिंती आहे.

रेबीजच्या लसीबाबत तर काटकसरीचा विचारही करू नये, कारण येथे प्रश्न माणसाच्या जिवाचाही असतो. जगभरात माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्यापासून होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस आणि नंतर पशुवैद्यकाने सांगितल्याप्रमाणे, भारतात बहुधा दरवर्षी, पुढची मात्रा हा नेम मांजरांनाही लागू आहे. कुत्रा किंवा मांजर चावले अथवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना किंवा मिरची लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे माणसासाठीची रेबीजची लस विनामूल्य मिळते. घरचाच प्राणी आहे, त्याला काय होणार, हा विश्वास आजवर अनेकांना महाग पडला आहे.

निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया पुष्कळांना ऐच्छिक वाटते, पण मादीच्या बाबतीत ती आयुष्यभराच्या बचतीची मोठी तरतूद असते. निर्बीजीकरण न केलेल्या प्रौढ कुत्रीला माजानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू साठण्याचा आजार होऊ शकतो. ती जास्त पाणी पिऊ लागते, खाणे सोडते, आणि तातडीने गर्भाशय काढले नाही तर दगावते. हीच शस्त्रक्रिया निरोगी आणि तरुण शरीरावर केली असता सोपी व स्वस्त असते, तर पू भरलेल्या अवस्थेत तीच धोकादायक आणि कित्येक पट महाग होते. लवकर निर्बीजीकरण केलेल्या कुत्रींमध्ये स्तनांच्या गाठींचे प्रमाणही पुष्कळ कमी आढळते. शिवाय प्रत्येक विणीबरोबर पाच-सहा पिल्लांचा खर्च आणि त्यांच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहतो, त्याची मोजदाद वेगळीच. रस्त्यावरून घरी आणलेल्या गावठी कुत्रीसाठी महानगरपालिकेच्या किंवा प्राणिकल्याण संस्थांच्या निर्बीजीकरण केंद्रात अल्प दरात सोय होते का, याची चौकशी अवश्य करावी.

जंत आणि गोचीड यांच्यावर अधिक विस्ताराची गरज नाही, परंतु दोन धोके सांगणे भाग आहे. पिल्लांच्या पोटातील गोल जंतांची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात गेल्यास त्यांच्या अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही शिरतात. म्हणून लहान पिल्लांना दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि त्यानंतर साधारण दर तीन महिन्यांनी जंतनाशक देणे हे घरातील मुलांचेही संरक्षण असते. हे औषध वजनावर ठरते, त्यामुळे आधी वजन करावे. दुसरा धोका मांजरांना आहे. कुत्र्यांच्या गोचिडांवरील अनेक औषधांत परमेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते आणि मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नसल्याने मांजराला झटके येऊन ते मरू शकते. कुत्र्यासाठी आणलेल्या बाटलीतील उरलेले चार थेंब मांजराच्या मानेवर टाकणे ही अशी बचत आहे, जिची किंमत काही तासांत चुकवावी लागते.

अन्नाच्या बाबतीत मात्र मराठी घराला पुष्कळ पैसे वाचवता येतात आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असे दिसले, की लांडग्यांच्या तुलनेत कुत्र्यांमध्ये पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या कितीतरी अधिक प्रती असतात. म्हणजे माणसाच्या सोबतीने हजारो वर्षे राहताना कुत्र्याचे पोट धान्याला सरावले. तेव्हा भात, ज्वारीची भाकरी किंवा कण्यांची पेज कुत्र्याला चालते. उणीव राहते ती प्रथिनांची आणि कॅल्शियमची. उकडलेले अंडे, कोंबडीवाल्याकडे मांसापेक्षा स्वस्तात मिळणारा कलेजी-पेटा किंवा स्वस्त मासळी यांनी पहिली उणीव भरून निघते. यांत कलेजी मात्र थोडीच असावी, कारण तिच्यातील अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाऊन हाडांना अपाय करते. दुसऱ्या उणिवेवर घरातच उपाय असतो: अंड्याचे टरफल जवळजवळ संपूर्ण कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असते, आणि ते उकळून, वाळवून, बारीक दळल्यावर पाच ग्रॅम पुडीतून सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम मिळते. प्रौढ कुत्र्याला किती पूड द्यावी, हे पशुवैद्यकास एकदा विचारून घ्यावे. वाढत्या वयाच्या मोठ्या जातीच्या पिल्लाला ती स्वतःच्या अंदाजाने देऊ नये, कारण अशा पिल्लांच्या हाडांना कॅल्शियमची कमतरता जितकी बाधते, तितकाच त्याचा अतिरेकही बाधतो.

आमटी-भाजीचे उरलेले अन्न कालवून घालण्याची रीत घरोघरी असली, तरी तिच्यात एक दोष आहे: कांदा आणि लसूण. त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या व त्याहूनही अधिक मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि शिजवल्याने ती नष्ट होत नाहीत. म्हणून प्राण्याचा वाटा फोडणीपूर्वी बाजूला काढावा. त्यासाठी एका पैशाचाही खर्च येत नाही. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात, आणि शिजलेली हाडे टोकदार फुटून आतड्यात रुततात. चहासोबतची बिस्किटे हा आणखी एक प्रकार. दहा किलो वजनाच्या निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याची दिवसाची गरज साधारण सहाशे किलोकॅलरी असते आणि लहान ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस किलोकॅलरी असतात. घरातल्या चार माणसांनी दोन-दोन बिस्किटे दिली की दिवसाच्या अन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा साखर व मैद्यातून गेला. लठ्ठपणाने पुढे सांधे दुखू लागतात, तो खर्च या बिस्किटांतच दडलेला असतो.

मांजराचे गणित वेगळे आहे. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी असून त्याला टॉरिन नावाचे, प्राणिज अन्नातच मिळणारे द्रव्य आहारातूनच घ्यावे लागते. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात, हे १९७० आणि १९८० च्या दशकांत सिद्ध झाले. दूध-पोळीवर वाढवलेल्या मांजराची उपासमार म्हणूनच डोळ्यांना दिसत नाही. टॉरिन पाण्यात विरघळते, त्यामुळे मासळी किंवा कोंबडीचे दिल उकडल्यावर ते पाणी फेकू नये, अन्नातच कालवावे. किनारपट्टीवर सुकट व बोंबील सहज मिळतात, पण त्यांतील मीठ धुऊन काढल्याशिवाय ते देऊ नयेत. प्रौढ मांजरांपैकी अनेकांना दुधातील साखर पचत नाही आणि जुलाब होतात. त्यांना स्वच्छ पाणीच योग्य.

सर्वांत कळकळीने सांगण्यासारखी गोष्ट घरातल्या औषधाच्या डब्याविषयी आहे. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देण्याचा प्रकार वारंवार घडतो, आणि एकच गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी ठरते, कारण हे औषध निष्प्रभ करणारी यकृतातील रासायनिक व्यवस्था मांजरात अत्यंत दुबळी असते. रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. खरजेवर जळके ऑइल किंवा रॉकेल चोपडणे, जखमेत अळ्या पडल्यावर फिनेल ओतणे हे उपाय फुकटात होतात खरे, परंतु प्राणी अंग चाटतो आणि ते विष पोटात जाते. खरजेवरचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन स्वस्त आणि गुणकारी असले, तरी कोली व तिच्या नात्यातील काही जातींच्या मेंदूत ते झिरपून प्राणघातक ठरते. म्हणून तेही सल्ल्यानेच घ्यावे. माणसांसाठीची काही औषधे प्राण्यांनाही चालतात आणि जेनेरिक स्वरूपात ती पुष्कळ स्वस्त मिळतात, हे खरे. पण कोणते, किती आणि किती दिवस, हे ठरवण्याचा अधिकार पशुवैद्यकाच्या चिठ्ठीचा असावा. चिठ्ठी घेताना ‘यातील स्वस्त पर्याय लिहून द्याल का’ असे विचारण्यात कोणताही कमीपणा नाही.

हा मोकळेपणा तपासण्यांच्या बाबतीतही उपयोगी पडतो. हाताशी किती रक्कम आहे हे आरंभीच सांगितल्यास पशुवैद्यक तपासण्यांचा क्रम लावू शकतो, आणि ‘कोणत्या तपासणीच्या निकालाने उपचार बदलेल’ हा प्रश्न विचारल्यास अनावश्यक तपासण्या आपोआप गळतात. उदाहरणार्थ, गोचीडतापाच्या संशयात रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जुनी पद्धत स्वस्त असून अनेकदा तेवढ्यानेच रोगजंतू सापडतात. जिल्हा परिषदेचे व राज्य शासनाचे पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाईगुरांसाठी असले, तरी तेथे कुत्र्यामांजरांवरही नाममात्र शुल्कात उपचार होऊ शकतात. मुंबईत १८८६ पासून चालत आलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय, तसेच नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये यांच्या दवाखान्यांत खाजगी दवाखान्यापेक्षा कमी दरात तज्ज्ञ मिळतात. रांगेत सकाळ मोडते, एवढाच त्याचा मोबदला. जाताना लसीची वही, ताजी विष्ठा स्वच्छ डबीत आणि झटके किंवा खोकला असल्यास त्याचे मोबाईलवरील चित्रण सोबत न्यावे, म्हणजे दुसरी खेप वाचते.

प्राणी घरी आणण्याआधीच होणारी बचत याहून मोठी असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हस्की किंवा सेंट बर्नार्ड पाळणे म्हणजे विजेच्या बिलासह एका पीडित जिवाची जबाबदारी घेणे. चपट्या नाकाच्या पगला तर धाप लागण्याच्या क्रियेतून शरीर पुरेसे थंड करता येत नाही. गावठी कुत्रा या हवामानात घडलेला असतो आणि तो विकत घ्यावा लागत नाही.

पैशांअभावी वाट पाहण्याची मुभा काही आजारांत असते, काहींत मुळीच नसते, आणि हा फरक प्रत्येक पालकाला ठाऊक हवा. एक वेळचे जेवण सोडलेला पण खेळता प्रौढ कुत्रा एक दिवस पाहता येतो. परंतु वारंवार मातीच्या पेटीत बसून लघवी न होणारा बोका हा तातडीचा रुग्ण असतो. मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांत रक्तात विष व पोटॅशियम साचून त्याचे हृदय थांबते, आणि त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजण्यात तेच दोन दिवस निघून जातात. पांढऱ्या किंवा निळसर हिरड्या, फुगलेले पोट व कोरडे उमासे, न थांबणारे झटके, झोपेतही मिनिटाला तिसाहून बराच अधिक श्वास, आणि लहान पिल्लाच्या लागोपाठ उलट्या, यांपैकी काहीही दिसल्यास उसनवारी करूनही त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आजार बरा होण्यापलीकडचा असेल आणि लांबलचक उपचार घराला झेपणार नसतील, तर तेही पशुवैद्यकास स्पष्ट सांगावे. केवळ वेदना शमवणारे औषध, किंवा भूल देऊन वेदनारहित मरण, हे पर्याय तो समजावून सांगतो, आणि उपचार अर्धवट सोडून कोपऱ्यात तळमळत पडलेल्या प्राण्यापेक्षा ते दोन्ही अधिक दयाळू असतात.